सदुसष्ट घोडे

गॅरेजवरून जाताना जळक्या ऑईलचा वास आला की मला कंधारच्या रस्त्यावरचा तो चढ आठवतो. आमच्या जुन्या छोट्या गाडीचं इंजिन सदतीस हॉर्सपॉवरचं. पाचजण बसलो की ती चढावर दमायची. मग आई खाली उतरून चालत यायची आणि बाबा वर कडुलिंबाखाली गाडी थांबवून तिची वाट बघायचे. तिचे गुडघे दुखायला लागले तसं इंजिन बदलायचं ठरलं. नांदेडचा मिस्त्री म्हणाला, "सत्तेचाळीसचं तयार हाय, उद्याच बसवतो. चढाला लई झालं तेवढं." मीच मोबाईलवर आकडे ताडून अडून बसलो, सदुसष्टचंच पाहिजे, हैदराबादहून मागवा. आई म्हणाली, "येऊ दे सावकाश. मी चालून राहिले की." इंजिन आलं तेव्हा आईचं तेरावं होऊन गेलं होतं. मग एक दिवस बाबांना शेजारी बसवून मी गाडी काढली. तिनं तो चढ तिसऱ्या गिअरमध्येच पार केला. कडुलिंबाजवळ बाबा म्हणाले, "थांब रे," आणि मागं हात नेऊन त्यांनी आईच्या बाजूचं दार उघडलं. आम्ही दोघं खालच्या रस्त्याकडं बघत बसलो. ते दार शेवटी कुणी लावलं, हे मला आजही आठवत नाही.