सात माणसांची बोट

हर्नडनच्या गिरीश टिपणीसांनी रिटायर झाल्यावर बोट घेतली ती नातीसाठी. चौतीस वर्षं त्यांनी व्हर्जिनियातले पूल तपासले होते. कुठला पूल किती वजन पेलेल, हे सांगण्याचाच त्यांना पगार मिळायचा. अशा माणसाच्या बोटीत सात वर्षांच्या अनिकाला बसवायला तिची आई, म्हणजे त्यांचीच मुलगी अंतरा, तयार नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नव्हतं.

पहिल्याच दिवशी बोट बुडता बुडता राहिली. सेकंडहँड का असेना, घरात वाहन आलं म्हणजे पूजा हवीच. ‘लेक ॲना’ तळ्याकाठी, बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर, ट्रेलरवरच्या बोटीला गिरीशरावांच्या बायकोने, सुहासिनीबाईंनी, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले. मागे तीन पिकअप ट्रक खोळंबले होते, त्यांनाही पेढे गेले. या गडबडीत बोटीच्या बुडाशी साचलेलं पाणी काढायला जे भोक असतं, त्याला लावायचं बूच गिरीशरावांच्या खिशातच राहिलं. थोड्याच वेळात बोटीत घोट्याइतकं पाणी आणि त्यावर तरंगणारी शेवंती! पेढा खाल्लेल्या एका ट्रकवाल्यानेच बोट ओढून बाहेर काढली. पुढच्या खेपेला बूच लागलं, पण मागची दोरी धक्क्यालाच बांधलेली राहिली आणि असा हिसका बसला, की बटाटेवड्यांचा अख्खा डबा माशांना गेला.

गिरीशरावांनी स्टिअरिंगजवळ एक पट्टी चिकटवली आणि जाड अक्षरांत लिहिलं, ‘बूच. दोरी.’ त्या चुका पुन्हा झाल्या नाहीत. तिसरी चूक मात्र अशी पट्टीवर लिहून सुटण्यातली नव्हती.

जुलैत मराठी मंडळाची पिकनिक होती. बोटीवर कंपनीची पाटी होती : माणसं सात, जास्त नाही. सातजण बसले, तेवढ्यात संजीवदादा आले. गिरीशराव अमेरिकेत नवखे आले तेव्हा तीन महिने याच माणसाच्या बेसमेंटमध्ये राहिले होते, ड्रायव्हिंगही त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हापासून आजतागायत त्यांना ‘नाही’ म्हणायची गिरीशरावांची छाती झाली नव्हती. दादांबरोबर बायको, मेव्हणी आणि मेव्हणीचे यजमान होते.

“अरे, ॲडजस्ट होतं यार,” दादा म्हणाले. “आपण काय परके आहोत?”

गिरीशरावांनी मनात बेरीज केली. एकूण वजन किती, पुढे किती, पाणी काठापासून किती बोटं खाली राहील, सगळं त्यांना अचूक कळलं. बोट हे पेलणार नाही, हेही कळलं. आणि ते म्हणाले, “या ना, या! पुढे बसा, तिथून छान दिसतं.”

आता काय म्हणावं या माणसाला?

तळ्याच्या मध्यावर फोटोसाठी सगळे पुढे सरकले, गिरीशरावांनी वेग कमी केला आणि बोटीचं नाक सरळ पाण्यात शिरलं. लाइफ जॅकेटं होती म्हणून निभावलं. शेजारच्या बोटींनी अकराजणांना एकेक करून उचललं. मेव्हणीबाई मराठीत इतकं ओरडल्या, की काठावरच्या अंतराला शब्दन् शब्द ऐकू आला.

घरी परतताना ती फक्त एवढंच म्हणाली, “बाबा, यू न्यू. मॅथ तुम्हाला येत होतं. यू जस्ट कुडन्ट से नो. अनिका तुमच्या बोटीत बसणार नाही.”

त्यांना ते फार लागलं. कोणी अडाणी म्हटलं असतं तर चाललं असतं.

सप्टेंबरात पुन्हा पिकनिक होती. दुरुस्त झालेली बोट धक्क्याला लागली, सात माणसं बसली. संजीवदादा आले, या वेळी एकटेच, आणि त्यांनी बोटीच्या काठावर पाय ठेवला.

“दादा, नको,” गिरीशराव म्हणाले. “सात झाले.”

“मी एकटाच आहे रे.”

“हो. पण सात झाले. पुढच्या फेरीला या.”

“मला सांगतोस तू?”

“तुम्हालाच सांगतोय.”

बोटीत सगळे आपापल्या चपला बघायला लागले. सुहासिनीबाईंनी तर डोळेच मिटले. दादांनी पाय मागे घेतला, लाल चेहऱ्याने जाऊन ते धक्क्यावरच्या बाकावर बसले.

इतका वेळ हे बघत उभी असलेली अंतरा मग पुढे आली. तिच्या हाताला धरून अनिका, अंगात केशरी जॅकेट, पट्टे घट्ट आवळलेले.

“बाबा,” अंतरा म्हणाली, “कॅन शी कम?”

बोट घेतल्यापासून ज्या वाक्याची वाट पाहिली ते हेच. गिरीशरावांचे डोळे भरून आले. कोणीही चटकन उठून जागा दिली असती, सुहासिनीबाई तर उठायलाही लागल्या होत्या. पण गिरीशरावांनी नकारार्थी मान हलवली.

“बस गं,” ते बायकोला म्हणाले, आणि मग नातीला, “नाही बाळा. सात झाले. पुढच्या फेरीला.”

अनिकाने ओठ काढला. अंतरा मात्र वडिलांकडे बघतच राहिली आणि मग हसली, लहानपणी हसायची तशी.

“ओके बाबा,” ती म्हणाली. “वी विल वेट.”

ती लेकीला घेऊन बाकाकडे गेली. संजीवदादांनी गुरगुरत सरकून जागा केली आणि अनिकाला बजावलं, “माझा नंबर आधी आहे हं!”