बंद दारातलं हूं

सोजरआत्या बंद दारांना हाका मारायची. दाराला कुलूप, आतलं माणूस लांब कुठल्यातरी कारखान्याच्या फडात ऊस तोडतंय, आणि ही भर दुपारी उंबऱ्यासमोर उभी राहून म्हणायची, "इठ्ठला, हायेस का रं?" मग मान तिरकी करून थांबायची. जराशानं "बरं, बरं" म्हणत पुढच्या दाराकडे वळायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू, मी पळूनच गेले.

चौसाळ्यापासून आत, माळाच्या कडेला आमचं गाव. दिवाळी झाली की ते ऊसतोडीला निघतं आणि पार पाडव्यापर्यंत रिकामं पडतं. जाताना लोक घराची किल्ली आत्याच्या हातात देत. नात्यानं ती कुणाचीच आत्या नव्हती, पण म्हणत सगळेच. तिच्या कमरेच्या दोरीला सगळ्या किल्ल्या. चालली की वाजायच्या. रोज पाळीनं चार-पाच घरं उघडायची, झाडायची, आणि चुलीत काटक्या घालून जाळ करायची. वर ना तवा ना भांडं. नुसता धूर.

"धूर न्हाई निघाला तर घर मानसाला इसरतं," ती म्हणायची. "मंग मानूस माघारी आलं तरी त्याला वळखत न्हाई."

एकदा एक नवखा पोस्टमन धूर बघून दाराशी गेला. कडीला कुलूप दिसलं, तेवढ्यात आत लाकूड तडकलं. गडी सायकल तिथेच टाकून पळाला. आत्या लई हसली.

नववीपर्यंत मीही दर वर्षी शाळा अर्धवट टाकून आईबापाबरोबर फडावर जायचे. धाकट्याला सांभाळायचं, मोळ्या बांधू लागायचं, आणि परत आल्यावर वर्गात फळ्याकडे येड्यासारखं बघत बसायचं. एकदा फडावर लस द्यायला एक सिस्टर आली होती. तिनं माझा उसाच्या पात्यानं चिरलेला हात हातात घेतला, धुतला आणि विचारलं, "दुखतंय का?" तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मला तिच्यासारखं व्हायचं होतं, बस्स. दहावीला मी अडूनच बसले. शेवटी दादांनी, म्हणजे वडिलांनी, किल्लीबरोबर मलाही आत्याकडे ठेवलं.

आत्याच्या घरात एक भाकरी असली तर मोठा तुकडा माझा. "वाच की गं भवाने, माझ्या तोंडाकडं काय बघतीस?" हे रोजचं. एक गोष्ट मात्र मला खटकायची. स्वतःच्या उघड्या घरात शिरतानाही ती आधी हाक मारायची, "चंपे!" थांबायची, गालात हसायची आणि मग आत पाऊल टाकायची.

चंपा तिची लेक. माझ्याएवढी असताना तिला शाळेतून काढून फडावर नेली होती. "न्हेली ती चंपा," आत्या एकदा सांगत होती, "आन आनली ती दुसरीच कोन. बोलंना, हसंना. वरीसभरात तापानं गेली. माझी चंपी हितंच राहिली व्हती गं, घरात. मी कवाच फडाकडं गेले न्हाई मंग. लेकराला एकटं कसं टाकू?" घरात आम्ही दोघीच होतो, तरी मी सरकून भिंतीला टेकले.

माघात, परीक्षा तोंडावर आलेली असताना दादा अचानक दारात उभे. आईचा हात कोयत्यानं कापला होता. फडावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी मोजणी. अर्ध्या कोयत्याला, म्हणजे एकट्या माणसाला, मुकादम उभं करत नाही. "सुने, चल. कपडे घे," दादा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी रडले, पाया पडले. दादाही रडकुंडीला आले होते, पण ऐकेनात.

"कावून न्हेतूस तिला?" आत्यानं विचारलं.

"मंग काय करू, आत्या? तूच सांग!"

आत्या उठली आणि आम्हाला आमच्या घरापुढे घेऊन गेली. कुलूप तसंच होतं. ऊन डोक्यावर होतं, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. आत्यानं दाराला हाक मारली, "सुने!"

मी तिच्या मागे उभी होते. तोंड मिटून. आईची शपथ, मिटून.

आतून "हूं" आलं. आवाज माझाच होता.

दादा दोन पावलं मागे सरकले. "ही भाईरची न्हे खुशाल," आत्या हळूच म्हणाली. "आतली हितंच राहील. उन्हाळ्यात तू माघारी आनशील ती कोन असंल, मला ठाव न्हाई."

दादा मटकन खाली बसले. मग आत्यानं कमरेची दोरी सोडली आणि किल्ल्या माझ्या ओंजळीत ठेवल्या. "चल बबन," ती दादांना म्हणाली. "अर्धा कोयता मी हाय."

"आगं, या वयात?"

"हात हायेत की." निघताना ती माझ्याकडे वळली. "माझ्या दारी चंपीला हाक मारायला इसरू नको. भेती ती एकटी."

मी चुली पेटवल्या, हाका मारल्या, धुरात बसून गणितं सोडवली. चंपीच्या दारी कधीच काही ऐकू आलं नाही, तरी मी रोज थांबायचे. पहिल्या पेपरच्या सकाळी आमच्या दाराला स्वतःचीच हाक मारली, "सुने!" आत सामसूम. मी मुळीच घाबरले नाही. आतली माझ्याबरोबर चौसाळ्याला निघाली होती.

पाडव्याला आत्या परत आली, हडकलेली, तळहात फाटलेले. मी ते हातात घेऊन धुतले आणि विचारलं, "दुखतंय का?"

"मुडदे, आधी सांग," ती म्हणाली, "चंपी बोलली का?"

"बोलली," मी म्हणाले. आयुष्यात एवढं मोठं खोटं मी दुसरं बोलले नाही.

आता मी वडवणीकडच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. गेल्या हिवाळ्यात, गाव रिकामं असताना, आत्या गेली. किल्ल्या माझ्याकडे आल्या. सुट्टीच्या दिवशी मी जाते, चुली पेटवते. तिच्या मरणानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या दाराशी उभी राहून सवयीनं हाक मारली, "चंपे!"

"हूं" आलं. एक बारीक, पोरीचं. आणि लगेच मागून एक घोगरं, ओळखीचं.

"बरं, बरं," मी म्हणाले, आणि पुढच्या दाराकडे वळले.