मोडक्या शिंगाचा बैल

"हा बैल कोणाचा? सांगा! कोणाचा बैल हा?"

शेठचा वकील इतक्या जोरात ओरडला की यवतमाळच्या कोर्टातल्या पंख्यानं दोन फेऱ्या उलट्या घेतल्या. मी साक्षीच्या पिंजऱ्यात. समोर टेबलावर चित्र. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी. बैल मान पुढं करून उभा, खांद्यावर तूप-हळद, डावं शिंग अर्धं मोडकं.

बैल आमचाच. ते शिंग कसं मोडलं? त्यानं उमरखेडची एसटी ढाणकीपर्यंत मागं रेटत नेली तेव्हा. बरं, गोठ्याच्या दारात अडकून मोडलं. पण चित्र खरंच माझं, सतराव्या वर्षी काढलेलं. खालची सही आमच्या ड्रॉईंग मास्तरांची, तीही अस्सल.

मास्तरांची रीतच तशी. पोराच्या चित्रात एकही रेघ दुरुस्त करावी लागली नाही, की ते खाली स्वतःची सही ठोकायचे. "आता हे माह्यं झालं," म्हणायचे आणि आपल्या भिंतीवर टांगायचे. त्या भिंतीवर जागा मिळावी म्हणून मी तीन वर्षं बैलाच्या मागं हिंडलो.

मास्तर गेले आणि मग चित्रकार म्हणून मोठे झाले. नागपूरच्या एका गॅलरीनं काकूंकडून, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडून, ते चित्र घेतलं; 'माझ्या यजमानांनीच काढलेलं' असं लिहूनही घेतलं. मग ते आमच्याच जिल्ह्यातल्या एका जिनिंगवाल्या शेठला विकलं.

इकडे बस स्टँडच्या टपरीवर मी वर्षानुवर्षं सांगत होतो, तो बैल माझा, चित्र माझं. त्याच टपरीवर मी टिपेश्वरच्या वाघाला तंबाखू मळून दिल्याचंही सांगायचो. लोक दोन्हीला सारखेच हसायचे. शेठ तेवढा हसला नाही. चित्र नकली म्हणून त्यानं गॅलरीवर दावा ठोकला आणि मला साक्षीला ओढलं. गॅलरीवाले म्हणाले, तसं ठरलं तर आम्ही त्या बाईवर फसवणुकीची केस करू.

ती बाई मागच्या बाकावर बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. खरं बोललो तर काकू अडकतात. खोटं बोललो तर जन्मात काढलेलं एकुलतं एक धड चित्र जातं. पिंजऱ्याला दार होतं, पण पळायला जागा नव्हती.

"बोला!"

"साहेब," मी न्यायाधीशांकडे वळलो, "मी गप्पाड्या माणूस. साऱ्या उमरखेडले विचारा. वाघाले तंबाखू मळून देल्ली म्हणतो मी! बैल माहा नाही. चित्र मास्तरांचं हाय."

कोर्ट खो-खो हसलं. वकील हसला नाही.

"तुमच्या बैलाचं डावं शिंग मोडलं होतं ना?"

"दोन्ही शाबूत होते, साहेब."

त्या मुक्या जनावराचं शिंग मी शपथेवर परत चिकटवलं. चित्रातला बैल माझ्याकडंच पाहत होता.

बाहेर कडुनिंबाखाली काकूंनी डबा उघडला. मला राहवेना.

"काकू, तुमाले सांगाचं नव्हतं, पण ते चित्र..."

"मले माहीत हाय," काकू म्हणाल्या. "तुया चित्रावर ते सही करत होते तवा मी तिथंच उभी होती. खाय आता, साडेतीनची गाडी हाय."