न ओरडलेल्या उल्का

"पुढच्या टायमाला वहिनींना घरीच ऱ्हाऊ दे की! बोलत न्हाईत, ओरडत न्हाईत. एक सीट तरी मोकळी हुईल."

हे बंडू डिकी उघडून, ताडपत्री कोंबता कोंबता म्हणाला. डिकीला लागूनच मागच्या सीटवर मी बसले आहे, हे त्याच्या लक्षात नव्हतं. उत्तर माझ्या नवऱ्यानं द्यायचं होतं.

अमोल म्हणाला, "बघू."

'नको' म्हणायलाही तेवढाच वेळ लागतो. असो.

उल्का बघायला जाणाऱ्यांकडे उल्का कमी आणि किस्से फार साठतात. कारण पडणं क्षणाचं असतं आणि वाट बघणं रात्रभराचं. हे चौघं दरवर्षी विट्याहून एकाच गाडीनं जातात. अमोल बँकेत आहे. गाडी शिरीष सरांची. ते कॉलेजात भूगोल शिकवतात. बंडूचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान आहे, तो सुट्टी काढून येतो. चौगुलेकाका सांगलीकडचे, जैन, द्राक्षबागवाले. पाचवी मी, लग्न झाल्यापासून.

*

मी पहिल्यांदा गेले ते डिसेंबरात. लग्नाला महिना झाला होता. पेपरात फोटो आला होता, आभाळभर रेघाच रेघा! खाली लिहिलेलं, 'तासाला शंभर उल्का.' कडेगावच्या पुढं एका माळावर आम्ही ताडपत्री टाकून आडवे झालो. बराच वेळ एकही रेघ नाही.

"सर, फोटोत तर लय हायत्या!" बंडू म्हणाला.

"अरे, तो रात्रभर कॅमेरा लावून काढतात. मग सगळ्या उल्का एकाच फोटोत चिकटवतात. शंभरचा आकडाही अगदी काळ्याकुट्ट आभाळाचा. आपल्याला पाच-दहा मिनिटांत एक दिसली तरी खूप."

"हे निघायच्या आधी सांगायचं की!"

"मग तू आला असतास?"

मला आमचा लग्नाचा अल्बम आठवला. तोही असाच चिकटवलेला आहे.

*

सरांचा नियम असा, की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर मोबाईल बंद.

सगळे निमूट पडून राहिलो. हळूहळू बारीक तारेही दिसायला लागले. एवढ्यात भक्कन उजेड! बंडूनं मोबाईल काढला होता.

"काय करतोयस रे?"

"वीस मिनिटं झाली का बघतोय!"

"झाली होती," सर म्हणाले. "आता परत सुरू!"

त्या रात्री डोळ्यांना चारदा सवय झाली.

*

चौगुलेकाका सूर्यास्तानंतर खात नाहीत. संध्याकाळीच डबा संपवतात, पाणी पितात आणि उताणे होतात. बाकीचे तिघं रात्री भडंगाची पिशवी फोडतात. कांदा चिरायचा, लिंबू पिळायचं, मिरची शोधायची, म्हणजे बघायचं खाली!

त्यामुळं सगळ्यात जास्त उल्का दरवर्षी काकांनाच दिसतात.

"काका, तुमचं काहीतरी टेक्निक आहे!" अमोल एकदा म्हणाला.

"हाय की," काका म्हणाले. "उपाशी ऱ्हा!"

*

आमच्या मंडळाचा कायदा आहे. उल्का दिसली की 'दिसली!' असं ओरडायचं आणि दिशा सांगायची. न ओरडलेली उल्का धरत नाहीत. सर म्हणतात, "ओरडला नाहीस म्हणजे पडलीच नाही!"

मला ओरडता येत नाही. आमच्याकडे तारा तुटताना दिसला तर आई आम्हाला गप्प बसायला लावायची. सवयच ती. शिवाय उल्का इतक्या पटकन जाते, की तोंड उघडेपर्यंत ती खरंच गेली होती का, हाच प्रश्न पडतो. तर माझ्या उल्का हिशेबात नाहीत. हिवाळाभर माझा स्कोअर शून्य!

परतताना अमोल विचारतो, "बोअर झालं का गं?"

"नाही."

"बरं."

आमचं बोलणं एवढंच होतं. घरी तर तेवढंही नाही. घरात दिवसभर माणसं असतात, पण 'टॉवेल कुठंय' आणि 'मीठ कमी पडलंय' याच्या पुढं गाडी जात नाही. माळावर निदान कुणीच बोलत नसतं. तिथं मी गप्प असले, तरी एकटी गप्प नसते. हे बंडूला कसं सांगणार?

*

डिसेंबर म्हणजे कारखान्यांचा सीझन. एकदा ऐन अंधारात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. हेडलाईट थेट आमच्यावर, गाणं फुल्ल आवाजात. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

"आवं, काय झालंय? माणसं का पडल्यात?"

"तारे बघतोय, तारे!" सर डोळ्यांवर हात धरून ओरडले. "लाईट बंद करा!"

"मग हुबं ऱ्हाऊन बघा की! माझा जीव गेला असता!"

पण त्यानं लाईट घालवला. गाणंही. सगळे त्याच्याशी बोलायला उठले आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागं एक भलीमोठी हिरवट उल्का सावकाश, अर्ध्या आभाळातून गेली. तिची धुरकट रेघ थोडा वेळ तशीच राहिली.

मी एकटीनंच बघितली.

*

शेवटचा किस्सा ऑगस्टचा. पेपरात परत तेच, 'आकाशात दिवाळी!' ऑगस्टात आपल्याकडे उल्का बघायला निघणारी माणसं हीच. सरांचं म्हणणं, "उंचावर गेलं की ढग खाली राहतात!" म्हणून मेढ्याच्या वरच्या डोंगरावर जायचं ठरलं. साताऱ्यापासूनच वायपर थांबेना. मेढ्यात पोचलो तर पुढच्या रस्त्यावर पाणी. सरांनी बंद दुकानांसमोर गाडी लावली.

अमोल माझ्या खांद्यावर घोरत होता.

"डिसेंबराला माझा मेव्हणा येतो म्हणतोय," बंडू पुढच्या सीटवरून म्हणाला. "सीटचं काय करायचं?"

माझ्याकडे न बघायची काळजी जाग्या तिघांनीही घेतली.

मग सरांनी विषय बदलला. "काय गारठा आहे! या गावात कुणी ओळखीचं असतं, तर घोटभर चहा तरी मिळाला असता."

आमचं लग्न विट्यातल्या कार्यालयात झालं. त्यामुळं या लोकांच्या लेखी मी नुसती 'साताऱ्याकडची'. मेढा माझं माहेर आहे हे गाडीत एकट्या अमोलला माहीत होतं. नागपंचमीला यायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. आणि आता मी इथं बसले होते, मांडीवर भडंगाची पिशवी घेऊन.

मी काचेवरची वाफ पुसली. चढावर पिवळा दिवा दिसत होता. आई अजून झोपली नव्हती.

"सर," मी म्हणाले. आवाज मलाच मोठा वाटला. अमोल दचकून जागा झाला. "गाडी उजवीकडं चढवा आणि त्या दिव्यापाशी थांबवा. ते माझं घर आहे, चहा मिळेल. आणि बंडूभावजी, डिसेंबरात मी येणार आहे. मेव्हण्यांना अमोलच्या मांडीवर बसवा!"