चिंचेनं घासलेली शिवराई

आज तांब्याची कळशी घासायला चिंच कोळली आणि त्या आंबट वासानं जीव पुन्हा कासावीस झाला.

शाहूपुरीत घड्याळं दुरुस्त करणारे रशीदचाचा जुनी नाणी जमवायचे. मी तेव्हा नुकती फोटो काढायला शिकले होते, म्हणून त्यांनी आपली आवडती शिवराई फोटोसाठी माझ्याकडे दिली. काळपट तांब्यावरची अक्षरं नीट दिसेनात, तेव्हा मी ती चिंचेनं लख्ख घासली आणि मोठ्या कौतुकानं परत नेली.

चाचांनी डोळ्याला भिंग लावलं. नाणं दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं.

"घासलीस व्हय गं?"

"अक्षरं उठून दिसावीत म्हणून, चाचा."

"उठली की. पर एवढ्या वर्षांचा रंग गेला. आता त्यो परत यायचा न्हाय."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात त्यांनी डबीतून दुसरं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "ह्येचा फोटू काढ. फकस्त कडंला धर."

तेव्हा वाटलं, सुटले. आता माझ्याकडेही नाणी आहेत आणि मी ती कुणाच्याच हाती देत नाही. ते दुसरं नाणं देताना चाचांच्या मनाचं काय झालं असेल, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

त्या दिवशी माझे हात इतके थरथरत होते, की एकही फोटो स्पष्ट आला नाही. चाचांनी त्यातलाच एक आपल्या नाण्यांच्या वहीत चिकटवला.