नानांनी लिहिलेला मायना

माझ्या भावाचं पत्र मी अकरा दिवस अडवून ठेवलं. बाराव्या दिवशी ते गेले.

आज महिना झाला. एका जागी बसवत नाही. ओट्याशी उभी राहून टाइप करतेय.

नाना माझे थोरले भाऊ. साक्रीत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मी धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी पत्रव्यवहार शिकवून रिटायर झालेली.

त्यांच्या मुलाने जर्मनीत ॲनाशी लग्न केलं. नाना गेले नाहीत. चार वर्षं घरात तिचं नाव काढू दिलं नाही.

मग एक दिवस बसने धुळ्याला आले. खिशातून वहीचा कागद काढला.

"सूनले ईमेल करना शे. इंग्रजी तपासी दे."

सून. हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आला होता. माझं लक्ष नव्हतं. मी लाल पेन शोधत होते.

मजकूर चार ओळींचा. दिवाळीला दोघं या. वरची खोली रंगवली आहे.

आणि सुरुवातीला, इंग्रजी अक्षरांत: चि. सौ. ॲना.

मी ते खोडलं.

"इंग्रजीत असा मायना नसतो, नाना. डिअर ॲना लिहा."

"सूनले डिअर? लोके हासतीन!"

"मग मिझ लिहा आणि पुढे आडनाव. त्यात बाईचं लग्न झालंय की नाही, ते सांगावं लागत नाही."

"तेच तं सांगनं शे माले! ती मनी सून शे, हापीसर नही."

मी ऐकलं नाही. म्हटलं, "चुकीचं पत्र माझ्या हातून जाणार नाही."

त्यांच्याकडे बटणांचा फोन. कागद माझ्याकडेच ठेवून गेले.

रोज फोन यायचा. "धाडं का?"

"आधी मायना ठरवा."

"ठरेल शे. तूच खोडा घाली राहिनी."

बाराव्या दिवशी दुकानातच हार्ट अटॅक आला.

दिवसकार्याला भाचा एकटाच आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत्या, शेवटपर्यंत त्यांनी ॲनाला आपलं म्हटलंच नाही ना?"

कागद माझ्या पर्समध्ये होता.

मी म्हटलं, "चहा टाकते."

तीस वर्षं पोरांना उभं करून चुका विचारल्या. स्वतःची एक सांगता आली नाही. तो तसाच परत गेला.

आज सकाळी ईमेल पाठवली. भाच्याला आणि ॲनाला, दोघांना. स्पेलिंगसुद्धा सुधारलं नाही. चि. सौ. ॲना, जसंच्या तसं. सोबत कागदाचा फोटो, माझ्या लाल रेघेसकट.

खाली लिहिलं, हे दोन शब्द घरातला मोठा माणूस सुनेला लिहितो. ते मी खोडले होते.

उत्तर आलेलं नाही. दर पाच मिनिटांनी फोन बघतेय.

नाना, माफ करा म्हणत नाही. तुम्ही लगेच कराल. त्या दोघांना ठरवू द्या.

पत्र गेलं, एवढंच कळवते.

नमस्कार करते, नाना.