हात लावून बघणारा शशी

शशी गेल्याची बातमी माझ्याकडे एका पुस्तकाबरोबर आली. सकाळी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी नुकताच काउंटरवर बसलो होतो. त्याच्या शेजारचे एक गृहस्थ आले, पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “शशीभाऊंच्या घरून दिलंय. मुदत आज संपते म्हणे.” मी शिक्का मारला आणि हा स्वतः का आला नाही असं विचारणार, तेवढ्यात ते म्हणाले, “काल दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.” शिक्क्याची शाई अजून ओली होती... त्या क्षणी मी जे केलं ते सांगायला संकोच वाटतो. मी पुस्तकावर तळहात ठेवून पाहिला. ही सवय माझी नव्हे, शशीची.

शशी आमच्याच महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होता. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी तो प्रत्येक यंत्रावर एकदा तळहात ठेवायचा. बटणं बंद केलेली असत, तरीही. “मीटर बिघडू शकतो. माझा हात अजून बिघडलेला नाही,” म्हणायचा. घरी जाताना ग्रंथालयात डोकावला की माझ्या लोखंडी कपाटांनाही हात लावायचा आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचा, “सगळं थंड आहे, ग्रंथपाल. इथे कोणी वाचतं का?” पंचवीस वर्षांत हा विनोद त्याने इतक्या वेळा केला, की मी हसायचं सोडून दिलं होतं. आता सहा आठवडे झाले, साडेपाच वाजले की मान आपोआप दाराकडे वळते.

त्याच्याबद्दल लिहायचं तर मला ताईच्या पिकअपबद्दल लिहावं लागेल. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझी थोरली बहीण पेठ रोडला, नाशिक संपून शेतं सुरू होतात तिथे राहायची. तिचे यजमान, आमचे दाजी, कोंबडीची एक-दोन दिवसांची पिल्लं जुन्या पिकअपमधून पेठ-हरसूलकडच्या आठवडी बाजारांत नेऊन विकत. दाजींच्या गाडीत पिल्लू दगावत नाही, अशी त्या डोंगरातल्या बायकांमध्ये ख्याती होती. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ताईही त्यांच्या शेजारी बसून बाजाराला जायची. एकदा माळावर गाडी थांबवून त्यांनी तिला चालवायलाही शिकवलं होतं. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी दाजी अचानक गेले. आदल्याच दिवशी हरसूलचा बाजार करून आले होते. महिना उलटला, आणि ताई स्वतः गाडी घेऊन बाजाराला जाऊ लागली.

पण पहिल्याच आठवड्यापासून गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी नीट आलेली गाडी सकाळी उठायचीच नाही. चावी फिरवली की नुसती टक्, आणि शांतता. नवी बॅटरी आणली, चार दिवसांत तिचीही तीच गत. मेकॅनिकने डायनॅमो तपासला, तो ठणठणीत होता. रोज संध्याकाळी बॅटरीची वायर काढून ठेवा, असं त्याने सुचवलं. ताईने दोन-तीन दिवस तसं केलं, नंतर म्हणाली, विसरते रे मी. घरातली चमच्याची जागासुद्धा न विसरणारी माझी बहीण! शेजारी राहणाऱ्या तिच्या दिराने सरळ सांगून टाकलं, “वहिनी, गाडीत काय तरी हाय. दादाचा जीव अडकलाय तिच्यात. लय झालं आता, संक्रांत झाली की इकून टाकू.” नांदगावचं गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं होतं. तो माणूस वाईट नव्हता. पण गाडी गेली की ताईने त्याच्या ओसरीवर बसून कांदे निवडायचे, हे त्याने गृहीत धरलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

पौषातल्या एका सकाळी मी मुक्कामाला होतो. गारठा असा, की गवतावर पाय ठेवला तर चप्पल भिजावी. गाडीला धक्का मारायला दोघं जण आले होते, म्हणून मी आत जाऊन बसलो आणि बसल्या बसल्या दचकलो. दार लोखंडाचं, बर्फासारखं. स्टिअरिंग धरवत नव्हतं. आणि सीट मात्र ऊबदार होती... आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. मी ताईला विचारलं, इथे कोण बसलं होतं? ती काचेपाशी आली, इकडेतिकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाली, “रोज असतं असं.”

एवढं म्हणून ती धक्का मारणाऱ्यांकडे वळली.

मी शिकलेला माणूस, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी परतीच्या बसमध्ये मांड्यांना ती ऊब लागून राहिली होती. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन मी शशीला सगळं सांगितलं. तो हसेल अशी अपेक्षा होती. हातातलं फडकं खाली ठेवून त्याने विचारलं, “किती गरम? माणूस उठल्यावर असते तेवढी, की चुलीपाशी ठेवलेल्या पाटाएवढी?” मी म्हणालो, माणूस उठल्याएवढी. “सगळी सीट, की एक बाजू?” हे मी पाहिलं नव्हतं. त्याने माझ्याकडे जरा निराशेनेच पाहिलं आणि रविवारी येतो म्हणाला.

रविवारी दुपारी त्याने गाडी पिल्लांच्या पत्र्याच्या शेडमध्ये घ्यायला लावली आणि शेडची दारं बंद केली. भर दुपारी आत अंधार झाला. बॅटरीची एक वायर सोडवून ती आणि बॅटरी यांच्यामध्ये त्याने आपला टेस्ट लॅम्प अडकवला. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, तर एक छोटा बल्ब आणि चिमटे लावलेल्या दोन वायरी. गाडीतलं सगळं बंद असेल तर हा दिवा लागता कामा नये, असं त्याने सांगितलं. लागला, तर कोणीतरी वीज पितंय. चावी ताईच्या हातात होती, गाडीतली सगळी बटणं बंद होती. आणि दिवा लागला. मंद, नारिंगी, निखाऱ्यासारखा. मग शशी एकेक फ्यूज काढून माझ्या ओंजळीत देऊ लागला. हॉर्नचा, दिव्यांचा, वायपरचा. ज्या फ्यूजबरोबर दिवा विझेल, त्या वाटेवर चोर. शेवटचा फ्यूज माझ्या हातात आला तेव्हा आता गाडीत काहीच जोडलेलं नाही, असं मी समजत होतो... दिवा तसाच जळत होता. पलीकडे पिल्लांचा किलबिलाट चालला होता, तो मला वाटतं त्याच क्षणी थांबला. वाटलं असेल, इतकंच म्हणतो.

शशी गाडीखाली सरकला. वायरींवरून बोटं फिरवत बराच वेळ तो तिथे होता. बाहेर आला तेव्हा हाताला काळी चिकटपट्टी लागली होती. फ्यूजच्या आधीच, स्टार्टरच्या जाड वायरीला कोणीतरी एक बारीक वायर जोडून वर नेली होती. तो ताईसमोर उभा राहिला. ताईने सीटवर हात टेकला होता.

“ताई, सीट उचलू का?”

“उचलायलाच हवी का?”

“गाडी हवी असेल, तर हवी.”

बाहेर दिराच्या बोलण्याचा आवाज येत होता. मग ताईने हात काढला.

सीटखाली, डाव्या बाजूला, पत्र्याचा एक डबा होता. झाकणावर धुळीचा एकसारखा थर होता, आणि कडेला पाडलेल्या भोकांतून उजेडाचे ठिपके बाहेर येत होते. झाकण काढलं. आत साळीचा तूस, त्यात पिवळी लव, आणि मधोमध एक बल्ब जळत होता. गारठलेली पिल्लं दाजी कशी जगवत ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं. हरसूलहून येताना त्यांनी लावलेला हा दिवा बंद करायचा राहिला होता. पुढे बॅटरीत इंजिन उचलण्याइतकी ताकद उरत नव्हती, पण एवढासा दिवा तेवायला ती पुरत होती. तुसात तीन-चार लहान खळगे होते. मघापर्यंत त्यात काही बसलेलं असावं, तसे.

शशीने माझ्याकडचे फ्यूज परत घेतले आणि मला मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायला पाठवलं. मी तांब्या घेऊन परत आलो तेव्हा सीट जागेवर होती, आणि ताईने चावी फिरवताच गाडी सुरू झाली. त्यानंतर सकाळी ती कधी अडली नाही. संक्रांत आली, गेली. नांदगावच्या माणसाला ताईने स्वतः नाही म्हणून सांगितलं.

शशी जाण्याच्या पंधरा दिवस आधी, याच काउंटरपाशी, तो विषय त्याने आपणहून काढला. ती वायर त्याने तोडली नव्हती. मी पाणी आणायला गेलो तेवढ्यात तिच्यात एक लहान बटण बसवून ते डॅशबोर्डखाली लावलं होतं, आणि ताईला एवढंच म्हणाला होता, चालू ठेवायचं की बंद, ते तुमचं तुम्ही ठरवा. दहा वर्षं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तसं म्हटल्यावर शशी म्हणाला, “तुला गाडी सुरू व्हायला हवी होती. ती झाली की.” मग कपाटावर हात ठेवून तो म्हणाला, “एक गोष्ट मात्र मला उलगडली नाही. दोन महिने जळलेल्या बल्बची काच आतून काळी पडते. तो बल्ब कोरा होता, ग्रंथपाल.” मी म्हटलं, ताईने बदलला असेल. ती दाजींच्या शेजारी बसून जायची, डबा तिला ठाऊक असणारच. बॅटरीची वायर काढायला ती विसरायची, तेही मला तेव्हा आठवलं. “मलाही आधी तेच वाटलं,” शशी म्हणाला, “पण झाकणावरची धूळ तू पाहिली होतीस ना? त्यावर बोट उमटलेलं नव्हतं.” तो जायला निघाला, आणि दारातून वळून म्हणाला, “ताईंना विचारू नकोस.”

त्याच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी ताईकडे गेलो. ती त्याच्या घरी भेटून आली होती. चहा झाला. गाडीत खाद्याचं पोतं राहिलंय, तेवढं काढ, असं ती म्हणाली म्हणून मी शेडमध्ये गेलो. पिकअप कालपासून तिथेच उभी होती. तिच्यावर ऊन येत नाही. मी दार उघडलं, आणि पोत्याआधी, का कोण जाणे, सीटवर तळहात ठेवला. ऊबदार होती. सगळी सीट नाही... फक्त डावी बाजू. दहा वर्षांपूर्वी जे पाहायचं राहिलं होतं, ते पाहून झालं.

मागे वळलो तर ताई शेडच्या दारात उभी होती. किती वेळ, ते माहीत नाही.

“उद्या बाजार आहे,” ती म्हणाली. “सकाळी लवकर उठ. धक्का मारावा लागेल.”

मी बरं म्हणालो, पोतं खांद्यावर घेतलं, आणि गाडीचं दार आवाज न करता लावलं.